तुमच्या यानांना मागे वळून बघायला वेळ द्या

ग्रहमोहिमा आखणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि अवकाश संस्थांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ती पत्राच्या शेवटी शोधावी लागणार नाही. पृथ्वी सोडून जाणाऱ्या प्रत्येक यानाच्या वेळापत्रकात काही तास राखून ठेवा. त्या तासांत यानाने मागे वळावं आणि पृथ्वीकडे एखाद्या अनोळखी ठिपक्याकडे पाहावं तसं पाहावं. त्या ठिपक्याचा वर्णपट (उजेड रंगारंगांत फोडल्यावर मिळणारी पट्टी) घ्यावा, त्याचा उजेड तासातासाला कसा बदलतो ते मोजावं, आणि ते सगळं जसंच्या तसं सर्वांसाठी खुलं करावं. छायाचित्र आलं तर आनंदच आहे, पण माझं मागणं छायाचित्रापुरतं नाही.

मी शास्त्रज्ञ नाही, गेली वीस वर्षं हौसेने आकाश बघते. माझ्याकडे हातात मावेल असा एक साधा वर्णपटदर्शक आहे. एका टोकाला चीर आणि आत उजेड फोडणारी जाळी असलेली नळी, एवढंच त्याचं स्वरूप. संध्याकाळी सूर्य एखाद्या भिंतीआड ठेवून मी ही नळी मावळतीच्या आकाशाकडे धरते. सूर्याकडे ती कधीच धरायची नसते. आत रंगांची पट्टी उमटते आणि तांबड्याच्या अगदी कडेला, जिथे डोळ्याला जेमतेम काही दिसतं, तिथे एक काळी रेघ असते. ती साधारण ६८७ नॅनोमीटर तरंगलांबीवर येते. दुपारी ती शोधावी लागते, पण सूर्य खाली सरकतो तशी ती ठसठशीत होत जाते. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या रेघांना अक्षरं दिली तेव्हा हिला ‘बी’ म्हटलं आणि तिच्या पलीकडच्या, ७६० नॅनोमीटरवरच्या रेघेला ‘ए’. पण या दोन्ही रेघा सूर्याच्या नाहीतच. त्या आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या आहेत. मावळतीच्या उजेडाला जास्त हवा कापत यावं लागतं, म्हणून रेघ गडद होते. हे पहिल्यांदा समजलं त्या संध्याकाळी मी नळी डोळ्यापासून खाली ठेवायलाच तयार नव्हते. झाडांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला श्वास मला काळ्या रेघेच्या रूपात दिसत होता.

हीच ‘ए’ रेघ ८ डिसेंबर १९९० रोजी गॅलिलिओ यानाने अवकाशातून टिपली.

ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण माझी सगळी मागणी तिच्यावर उभी आहे. गॅलिलिओ निघालं होतं गुरूकडे. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अवकाश शटल कोसळलं आणि त्यानंतर शटलमधून सेंटॉर हा ताकदवान अग्निबाणाचा टप्पा नेणं रद्द झालं. सरळ गुरूकडे जाण्याएवढा जोर उरला नाही, म्हणून यानाला शुक्राजवळून एकदा आणि पृथ्वीजवळून दोनदा जाऊन वेग मिळवावा लागला. या वळणामुळे, गुरूसाठी बनवलेली उपकरणं पृथ्वीपासून ९६० किलोमीटरवर येऊन ठेपली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा एक प्रश्न विचारला, जो त्याआधी अशा प्रकारे कोणी तपासला नव्हता. आपल्याला काहीच माहीत नाही असं धरलं, तर या उपकरणांना पृथ्वीवर जीवन सापडेल का?

उत्तर १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. भरपूर ऑक्सिजन सापडला आणि त्याच्यासोबत मिथेन. या जोडीला महत्त्व आहे, कारण ऑक्सिजनच्या हवेत मिथेन फार टिकत नाही, दहा-बारा वर्षांत त्याचं विघटन होतं. म्हणजे कोणीतरी तो सतत ओतत असलं पाहिजे. जमिनीवर तांबडा उजेड शोषून घेणारा एक पदार्थ सगळीकडे पसरलेला दिसला, ज्याचा मेळ ओळखीच्या कुठल्याही खनिजाशी बसेना. ते हरितद्रव्य होतं. रेडिओत एका अरुंद पट्ट्यात येणारे, आखीव चढउताराचे संदेश मिळाले. आणि छायाचित्रांत? मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका आलेल्या त्या छायाचित्रांत माणसाच्या हाताची एकही खूण ठामपणे दाखवता आली नाही. याच सेगन यांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकात हवामान उपग्रहांची हजारो छायाचित्रं चाळली होती. एक किलोमीटरच्या बारकाव्याने पाहिलं तर पृथ्वीवर कोणी राहतं हे सांगणारी चित्रं त्यांत अगदी मोजकी निघाली.

म्हणजे आपण डोळ्यांनी ज्यावर विश्वास ठेवतो, ती शहरं, रस्ते, शेतं, ती दुरून पाहणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. त्याच्या हाती लागते हवा. हे केवळ विचार करून कोणाला सुचलं असतं, पण सिद्ध झालं ते यानाने मागे पाहिलं म्हणून.

आता उलट बाजूचा एक प्रसंग. विल्यम सिंटन हे जाणते निरीक्षक. त्यांनी १९५६ मध्ये आणि पुन्हा १९५८ मध्ये, दुसऱ्या वेळी पालोमारच्या ५ मीटर दुर्बिणीतून, मंगळाचा अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, न दिसणाऱ्या उजेडाचा वर्णपट घेतला. साडेतीन मायक्रॉनच्या (३,५०० नॅनोमीटरच्या) आसपास त्यांना असे पट्टे दिसले, जसे वनस्पतींतल्या सेंद्रिय रेणूंमुळे पडतात. मंगळावर झाडोरा असल्याचा हा पुरावा मानला गेला. १९६५ मध्ये खुलासा झाला की त्यातले पट्टे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेल्या पाण्याच्या वाफेचे आहेत आणि ती वाफ मंगळावरची नसून दुर्बिणीच्या वरच्या, पृथ्वीच्याच हवेतली आहे. हा खुलासा करणाऱ्यांत सिंटन स्वतः होते. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांची उपकरणं उत्तम होती, हेतू शुद्ध होता, पण आपली स्वतःची हवा बाहेरून कशी दिसते याचा नीट नमुना तेव्हा कोणाकडेच नव्हता. आज दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दल आपण जे दावे करतो, ते याहून कितीतरी पुसट खुणांवर उभे असतात.

आणि या पुसटपणाबद्दल सर्वसामान्य वाचकाला फारसं कोणी सांगत नाही. दूरच्या ताऱ्यावरून आपली सूर्यमाला बघणाऱ्याला दृश्य उजेडात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे १० अब्ज पट मंद दिसेल. त्याचा तारा नेमका पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत असेल, तर वर्षातून एकदा, जास्तीत जास्त १३ तास, पृथ्वी सूर्यबिंबावरून जाईल आणि सूर्याचा उजेड दहा लाख भागांतून ८४ भागांनी कमी होईल. शुक्र असाच गेला तर हा आकडा ७६ येतो. व्यास १२,७४२ किलोमीटर आणि १२,१०४ किलोमीटर. एवढ्यावरून बघणारा म्हणेल, जुळे ग्रह आहेत. एकावर समुद्र आहेत आणि दुसऱ्याचा पृष्ठभाग शिसं वितळेल इतका तापलेला आहे, हे त्या आकड्यांत कुठेच नाही.

म्हणून मला मोठ्या, रंगीत चित्रापेक्षा एका पिक्सेलमध्ये चिरडलेली पृथ्वी जास्त मोलाची वाटते. ती काय काय सांगू शकते हे ऐकून मी थक्क झाले होते. २०१५ मध्ये सोडलेला डिस्कव्हर उपग्रह सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरून पृथ्वीची प्रकाशित बाजू बघत आला, १० वेगवेगळ्या तरंगलांबींत. संशोधकांनी त्याची दोन वर्षांची सुमारे १०,००० चित्रं घेतली आणि प्रत्येक चित्राचा मुद्दाम एकेक ठिपका करून टाकला. मग त्या ठिपक्याचा उजेड दिवसभरात कसा वरखाली होतो, एवढ्यावरून त्यांनी नकाशा काढला. सगळ्यांत मोठा चढउतार ढगांचा निघाला. तो बाजूला केल्यावर उरलेल्यात जमीन आणि पाणी वेगळं होत गेलं आणि खंडांच्या ढोबळ कडा उमटल्या. त्याआधी २००८ मध्ये डीप इम्पॅक्ट यानाने, धूमकेतूचं काम आटोपल्यावर, दूरवरून पृथ्वीचा उजेड दिवस दिवस मोजला होता. त्या मोजणीतूनही महासागर आणि खंड आळीपाळीने समोर येताना कळत होते. त्या यानाने आपला चंद्र पृथ्वीसमोरून सरकतानाही टिपला. दूरच्या निरीक्षकाला बहुधा हे दोघे वेगळे दिसणारच नाहीत. चंद्राचा तापलेला, कोरडा अवरक्त उजेड पृथ्वीच्या उजेडात मिसळेल आणि हवेच्या खुणा पातळ होतील. आपल्यासारखी जोडी दुसरीकडे असली तर हीच चूक आपल्या हातून होणार आहे.

मार्स ग्लोबल सर्व्हेयरनेही २४ नोव्हेंबर १९९६ रोजी, मंगळाकडे जाताना, ४७ लाख किलोमीटरवरून पृथ्वीचा अवरक्त वर्णपट घेतला होता. त्या उपकरणाच्या नजरेत पृथ्वी मावून वर जागा उरत होती, म्हणजे तो खरोखरच एका ठिपक्याचा वर्णपट होता. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ओझोन, तिन्ही त्यात स्पष्ट आहेत. उपकरण तपासायच्या निमित्ताने झालेलं ते काम, पण आज बाह्यग्रहांचा, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा, अभ्यास करणारे ते पुन्हा पुन्हा उघडून बघतात.

यान नसतानाही ही तपासणी होऊ शकते, आणि हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांची चंद्रकोर बघा. कोरीच्या पोटात उरलेला चंद्र राखाडी, अंधूक दिसतो. लहान दुर्बिणीतून तर त्या अंधाऱ्या भागातली मैदानंही ओळखता येतात. तिथे पडलेला उजेड सूर्यावरून पृथ्वीवर, पृथ्वीवरून चंद्रावर आणि चंद्रावरून पुन्हा आपल्या डोळ्यांत आलेला असतो. लिओनार्दो दा विंची यांनी हे ५०० वर्षांपूर्वी ओळखलं होतं. या पृथ्वीप्रकाशात एका बाजूची सगळी पृथ्वी एकजीव झालेली असते, समुद्र, ढग, जंगलं, बर्फ, सगळं एकाच मंद उजेडात. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तो वर्णपटात फोडून पाहिला. ०.७ मायक्रॉनच्या पुढे झाडांची पानं उजेड एकदम जोरात परतवू लागतात. ती चढण, म्हणजे वनस्पतींची ‘लाल कड’, त्यांना सापडली, पण जेमतेम काही टक्क्यांची. ढगांनी ती झाकून टाकली होती. २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने याच उजेडाचं ध्रुवण (त्याच्या लहरी कुठल्या दिशेने डोलतात ते) मोजलं आणि समोर जास्त समुद्र आहे की जास्त झाडोरा, यातला फरक दाखवून दिला.

म्हणजे एवढी हिरवी पृथ्वी, आणि तिचा हिरवेपणा दुरून काही टक्क्यांचा. ही गोष्ट आपल्याला आपल्याच ग्रहाने शिकवली. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर लाल कड सापडली नाही म्हणून तिथे झाडं नाहीत, असं म्हणायच्या आधी हे आठवायला हवं.

वेळेचा हिशेबही यात धरायला हवा. लिसा काल्टेनेगर आणि जॅकी फाहर्टी यांनी २०२१ मध्ये गणित मांडलं की ३२६ प्रकाशवर्षांच्या आतल्या १,७१५ ताऱ्यांवरून गेल्या ५,००० वर्षांत कधी ना कधी पृथ्वीचं अधिक्रमण, म्हणजे तिचं सूर्यबिंबावरून जाणं, दिसू शकलं असतं. तारे सरकत राहतात, त्यामुळे ही खिडकी उघडते आणि मिटते. ११ प्रकाशवर्षांवरच्या रॉस १२८ या ताऱ्याला ती २,००० वर्षांहून जास्त काळ उघडी होती आणि सुमारे ९०० वर्षांपूर्वी मिटली. सात ग्रहांच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्यासाठी ती आणखी १,६०० वर्षांनी उघडेल. रॉस १२८ वरून कोणी पाहिलंच असेल, तर त्याला रेडिओ ऐकू आला नसता, रात्रीचे दिवे दिसले नसते, पण ऑक्सिजन आणि मिथेन मात्र तेव्हाही हवेत होतेच. माझ्या मते आपण रेडिओबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलतो. त्याचं वय शंभर-सव्वाशे वर्षं. जमिनीवरच्या झाडोऱ्याचं वय ४५ कोटी वर्षांहून जास्त. हवेत ऑक्सिजन वाढू लागला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी आणि त्यानंतरही फार मोठा काळ त्याचं प्रमाण आजच्या मानाने अगदी कमी होतं. जीव मात्र त्याच्या आधी किमान एक अब्ज वर्षं इथे होते. त्या सगळ्या काळात कोणी ‘ए’ रेघ शोधली असती तर कोरा कागद हाती आला असता आणि वहीत ‘निर्जीव’ असा शेरा पडला असता.

तुमच्या अडचणी मला कळतात. बाहेरच्या ग्रहांवरून पाहिलं तर पृथ्वी सूर्याला चिकटलेली असते आणि सूर्याचा उजेड आत शिरला तर कॅमेरा कायमचा जाऊ शकतो. व्हॉयेजर-१ ने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे पाहिलं तेव्हाही ही भीती होतीच. त्या ६० चित्रांची माहिती पृथ्वीवर पोचायला मे महिना उजाडला. त्यात पृथ्वी ०.१२ पिक्सेल भरली आणि ते चित्र घेतल्यावर ३४ मिनिटांत कॅमेरे बंद झाले, ते पुन्हा उघडले नाहीत. वीज, वेळ, संपर्काचा वेग, सगळंच तोलून वापरावं लागतं आणि मुख्य कामातून एक तास काढणंसुद्धा अवघड असतं. म्हणूनच मी म्हणते की हे तास मोहीम आखतानाच लिहून ठेवा. मुख्य काम संपल्यावर उरलंसुरलं इंधन आणि उरलीसुरली माणसं यांवर ते सोपवू नका.

काही जणांनी तसं करून दाखवलं आहे. चंद्रयान-३ च्या प्रणोदन मॉड्यूलवर (लँडरला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागावर) ‘शेप’ नावाचं उपकरण मुद्दाम बसवलं होतं, पृथ्वीचा अवरक्त वर्णपट आणि ध्रुवण मोजण्यासाठी, बाह्यग्रहांशी तुलना करता यावी म्हणून. २०२३ मधल्या त्या मोहिमेत सगळ्यांचं लक्ष चंद्रावर उतरण्याकडे होतं, आणि ते साहजिकच होतं. पण मला त्या छोट्या उपकरणाची बातमी तितकीच मोठी वाटली. गुरूकडे निघालेल्या ज्यूस यानानेही ऑगस्ट २०२४ मध्ये पृथ्वीजवळून जाताना, राहण्याजोग्या ग्रहाच्या खुणा आपल्या उपकरणांना सापडतात का, हे तपासून घेतलं. वाटेत ते २०२६ आणि २०२९ मध्ये पुन्हा पृथ्वीजवळून जाणार आहे. त्या दोन्ही वेळा हेच मोजमाप त्याच पद्धतीने पुन्हा करा. एकाच ठिपक्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आणि ऋतूंच्या नोंदी शेजारी ठेवता येणं, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आणखी एक विनंती, कदाचित सगळ्यांत अवघड. पृथ्वीच्या या नोंदी एका पिक्सेलवर आणा, त्यांत दूरच्या दुर्बिणीला येईल तेवढा गोंधळ मिसळा, शुक्राच्या आणि मंगळाच्या तशाच नोंदी सोबत ठेवा आणि नावं काढून टाका. मग त्या अशा गटाला द्या, ज्याला कुठली नोंद कोणाची हे सांगितलेलं नाही. त्यांनी लिहून द्यावं की यांतला कुठला ग्रह जिवंत आहे आणि किती खात्रीने. येत्या काळात किमान २५ राहण्याजोग्या ग्रहांचा थेट उजेड टिपू शकेल अशी मोठी अवकाश दुर्बीण बांधायचा विचार चालू आहे. तिचे निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येक गणिती पद्धतीने आधी ही परीक्षा द्यावी. चुकलेल्यांचे निकालही जाहीर करा. सिंटन यांनी ते केलं होतं.

नोंदी प्रसिद्ध कराल तेव्हा त्यांची एक साधी प्रतही ठेवा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात उजेड, तिसऱ्यात तरंगलांबी. रंग चढवू नका, कडा घासूनपुसून गुळगुळीत करू नका. तेवढं मिळालं तर माझ्यासारखी हौशी माणसं आणि शाळेतली मुलं कागदावर स्वतः आलेख काढू शकतील. मी तो काढणार आहे. ७६० नॅनोमीटरवर पेन्सिल खाली येते का, हे मला स्वतःच्या हाताने बघायचं आहे.

आपली,
एक हौशी आकाशनिरीक्षक